दोन प्रती, अभिप्रायार्थ

टपालानं पुस्तक आलं की वेष्टनावरूनच अंदाज येतो, ते कुठून आलं असावं. मोठ्या प्रकाशनाचं पुस्तक पुठ्ठ्याच्या पाकिटातून येतं, आत छापील पत्र असतं. छोट्या गावाहून आलेलं पुस्तक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असतं, वर सुतळी असते आणि आत हातानं लिहिलेली चिठ्ठी. ‘आदरणीय बाई, सोबत दोन प्रती अभिप्रायार्थ पाठवीत आहे. आपण दोन शब्द लिहिलेत तर उपकार होतील.’

श्रोतेहो, गेली वीसेक वर्षं मी डहाणूला बसून एका नियतकालिकाच्या पुस्तक-परिचयाच्या सदरात लिहीत आले आहे. आठवडाभर शाळेत मराठी शिकवायचं आणि रविवारी पुस्तकांवर लिहायचं, असा क्रम होता. शाळा संपली, सदर राहिलं. त्या चिठ्ठीतले ‘दोन शब्द’ म्हणजे नक्की काय आणि ते लिहिणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार मी पहिली बारा-तेरा वर्षं केलाच नव्हता. तो मला एका पुस्तकानं करायला लावला. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी त्या दोन प्रतींचा हिशेब पाहू. वर्तमानपत्रांत आणि मासिकांत सूचना असते, ‘परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात.’ मोठ्या प्रकाशकाला हा किरकोळ खर्च आहे. पण आमच्याकडचा एखादा शिक्षक पतपेढीतून कर्ज काढून पुस्तकाच्या तीनशे किंवा पाचशे प्रती छापतो. प्रकाशक म्हणून बायकोचं नाव, पत्ता घरचाच. दहा ठिकाणी दोन-दोन प्रती पाठवल्या की वीस प्रती गेल्या, वर टपालखर्च. त्याच्या बदल्यात बहुतेक ठिकाणांहून काहीच येत नाही. एखाद्या ठिकाणी ‘साभार पोच’ या मथळ्याखाली बारीक अक्षरांत पुस्तकाचं नाव येतं. पुष्कळदा तेही अर्धंच असतं, पत्ता नाही, किंमत नाही. वाचकाला पुस्तक हवं असलं तर मागवायचं कुठून?

आता ते पुस्तक. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या तरुण शिक्षकानं वारली लग्नगीतांचं पुस्तक काढलं. तो माझा जुना विद्यार्थी. त्याची आजी धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात धवलेरी बाईला फार मान असतो. भिंतीवर चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी येते आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. ही गाणी आजीकडून ऐकून त्यानं उतरवून घेतली होती. छपाई वापीला केली, कारण आम्हाला मुंबईपेक्षा वापी जवळ आणि स्वस्त. शहाण्णव पानं, पाचशे प्रती. किमतीच्या जागी लिहिलं होतं ‘देणगीमूल्य’. पुस्तक बांधून आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो दोन प्रती घेऊन स्वतः माझ्या घरी आला.

मला कौतुक वाटलं. वेळ मात्र नव्हता, मजकूर दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी मनोगत वाचलं, सुरुवातीची चार-पाच गाणी वाचली, मधली पानं चाळली आणि लिहिलं. ‘वारली संस्कृतीचा अनमोल ठेवा’, ‘प्रत्येक ग्रंथालयात असायलाच हवं असं पुस्तक’, ‘मांडणी नेटकी’. अशी वाक्यं हाताला सवयीनं येतात, त्यासाठी पुस्तक उघडावंही लागत नाही. मजकूर छापून आला, त्यानं फोन करून आभार मानले.

दीड महिन्यानं तो पुन्हा आला. हातात तेच पुस्तक. म्हणाला, “बाई, पान चौसष्ट उघडा.” मी उघडलं. चौसष्टनंतर पासष्ट नव्हतं, पुन्हा एकोणपन्नास होतं. बांधणीत एक फर्मा दोनदा लागला होता आणि पुढचा सोळा पानांचा फर्मा गायब. 65 ते 80 ही पानंच पुस्तकात नव्हती. पाचशेपैकी दोनशेच्या आसपास प्रती अशा निघाल्या होत्या. मला दिलेल्या दोन्ही प्रती त्यांतल्याच.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“आजीला वाचून दाखवत होतो. एका गाण्याच्या मध्येच ती म्हणाली, थांब, हे माझं गाणं नाही. अर्धं एक आहे आणि अर्धं दुसरं.”

अक्षरओळख नसलेल्या आजीनं नुसतं ऐकून जी चूक पकडली, ती मराठीची शिक्षिका म्हणून आयुष्य घालवलेल्या बाईच्या नजरेतून सुटली होती. कारण एकच, बाईंनी पुस्तक वाचलं नव्हतं. तो रागावला नव्हता. जाताना एवढंच म्हणाला, “छापखान्यात सुटे फर्मे पंधरा दिवस पडून होते, बाई. तेव्हा कळलं असतं तर त्यांनी बदलून दिलं असतं. मग ते रद्दीत गेले.”

मी त्याचं वाईट चिंतलं नव्हतं, उलट त्याचं भलं व्हावं म्हणूनच गोड लिहिलं होतं. पण माझं लिहिणं वाचून ज्या पाच-सात जणांनी पुस्तक मागवलं, त्यांतल्या काहींच्या हाती सदोष प्रत गेली. टीका करून मी त्याचं जितकं नुकसान केलं नसतं, तितकं न वाचता केलेल्या स्तुतीनं झालं.

त्यानंतर मी या कामाचा नीट विचार केला. माझ्या लक्षात आलं, की आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींची भेळ करतो. पहिली नोंद, म्हणजे असं असं पुस्तक निघालं आहे ही माहिती. दुसरी परीक्षण, म्हणजे ते वाचून दिलेलं प्रामाणिक मत. आणि तिसरी शिफारस, म्हणजे हे विकत घ्या असं वाचकाला किंवा ग्रंथालयाला सांगणं. या तिन्हींचे नियम वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की मोठ्या पुस्तकाचं फारसं बिघडत नाही, छोट्या पुस्तकाचं मात्र हमखास बिघडतं.

नोंदीपासून सुरुवात करू. नोंद हा प्रत्येक पुस्तकाचा हक्क आहे, असं मला वाटतं. पुस्तक चांगलं की वाईट हा प्रश्न तिथे येतच नाही. इंग्रज सरकारनं 1867 साली छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. त्यामागे पुस्तकांवरचं प्रेम नव्हतं. दहा वर्षांपूर्वी सत्तावन्नचा उठाव झालेला, तेव्हा कोण काय छापतंय यावर नजर हवी होती. पण त्या कायद्यात पुस्तकाची कोणती माहिती टिपायची याची जी यादी होती, ती पाहण्यासारखी आहे. पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, छापण्याचं आणि प्रकाशनाचं ठिकाण, पानं, आकार, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या, किंमत. एवढं सगळं. पाळत ठेवणारा परका कारकून पुस्तकाबद्दल जेवढी विचारपूस करत होता, तेवढी आपली ‘साभार पोच’ करत नाही! त्या नोंदींवर आज संशोधक अभ्यास करतात. या कायद्याची जागा 2023 च्या नव्या कायद्यानं घेतली आणि त्यात पुस्तकांचा भाग उरलेला नाही, हेही जाता जाता सांगायला हवं.

मराठीत हेच काम प्रेमानं करणारा माणूस म्हणजे शंकर गणेश दाते. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांनी केलेली सूची 1943 साली निघाली. 1938 ते 1950 या काळाचा पुढचा खंड 1961 साली आला. दाते पुस्तकांना गुण द्यायला बसले नव्हते. महाकाव्य असो की पाकशास्त्राची चोपडी, पुस्तक निघालं ना, मग त्याची ओळ सूचीत हवी. ज्या पुस्तकांच्या प्रती आज कुठे सापडत नाहीत, त्यांची निदान ती ओळ शिल्लक आहे.

आमच्या भागातलंच उदाहरण देते. 1945 साली झरी गावच्या सभेनंतर वारल्यांनी वेठबिगारीला नकार दिला, हा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. त्याच 1945 साली के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ हे पुस्तक मुंबईहून निघालं, वारल्यांच्या चालीरीतींची माहिती देणारं. आणि 1947 साली शामराव परुळेकरांची उठावावरची इंग्रजी पुस्तिका निघाली. समाज तोच, काळ जवळजवळ तोच, पण एकाचं लक्ष चालीरीतींवर आणि दुसऱ्याचं लढ्यावर. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 साली मौजेनं काढलं, त्याला 1972 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ते घरोघरी पोचलं. आधीची दोन्ही मात्र अभ्यासकांपुरती राहिली. समजा, त्या वेळी कुणी सूचीकारानं ‘ही प्रचारकी पुस्तिका, हिची काय नोंद घ्यायची’ असं म्हटलं असतं, तर? आपल्याला न पटणाऱ्या पुस्तकाचीही नोंद पूर्ण आणि सरळ करायची, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

लेखकांसाठीही दोन गोष्टी. 1954 च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत त्याची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. आमच्या भागातल्या छोट्या प्रकाशकांना हे सहसा ठाऊक नसतं. पाठवलीत तर तुमचं पुस्तक तुमच्यानंतरही कुठेतरी राहील. आणि आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणा मध्यस्थाला पैसे मोजू नका.

आता परीक्षण. त्याचा पहिला नियम हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे. पुस्तक वाचा, शेवटच्या पानापर्यंत. वाचायला वेळ नसेल तर फक्त नोंद छापा, त्यात कमीपणा नाही. न वाचता छापलेलं मत म्हणजे बनावट माल.

दुसरा नियम, दया दाखवू नका. ‘दुर्गम आदिवासी भागातील तरुणाचा हा प्रयत्न कौतुकास्पद आहे’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिलंय, मोजता येणार नाही. त्याचा खरा अर्थ असा, की पुस्तक म्हणून याच्याकडे पाहू नका, पाठ थोपटा आणि पुढे चला. पुण्या-मुंबईच्या लेखकाबद्दल आपण ‘शहरी भागात राहूनही त्यानं लिहिलं’ असं म्हणतो का? चुकलेलं असेल तिथे चुकलं म्हणणं, हा त्या लेखकाला दिलेला बरोबरीचा मान आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेपासून मराठीला कडक टीकेची परंपरा आहे. ती कडक भाषा मोठ्यांसाठी आणि गोळीगूळ भाषा छोट्यांसाठी, हा भेदभावच झाला.

अर्थात कडक म्हणजे दुष्ट नव्हे. मोठ्या प्रकाशनाच्या पुस्तकावर दहा ठिकाणी लिहून येतं, एकानं झोडपलं तरी नऊ उरतात. छोट्या पुस्तकावर कदाचित तुम्ही एकटेच लिहिणार असता. त्या पुस्तकाबद्दल छापून येणारे जन्मातले शब्द तेवढेच. म्हणून दोष दाखवताना पान दाखवा, उदाहरण द्या. आणि पुस्तक अगदीच फसलं असेल, तर नोंद छापून दोषांची यादी लेखकाला पोस्टकार्डानं कळवा. सुधारायला त्याला त्याचा जास्त उपयोग होतो.

तिसरा मुद्दा भाषेचा. डहाणू-तलासरीत घरात वारली, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशा तीन भाषा नांदतात. परीक्षणाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘मुद्रितशोधनाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.’ पण जी चूक आपल्याला दिसते ती छापखान्याची आहे की वारली बोलीचा तो खरा उच्चार आहे, हे आपण विचारतो का? या गीतांच्या पुस्तकात तर उलटंच झालं होतं. टाइप करणाऱ्यानं काही वारली शब्द ‘शुद्ध’ करून टाकले होते आणि लेखकानं ते भांडून परत बदलून घेतले होते. मी शुद्धलेखनावर काही बोलले नव्हते, पण बोलले असते तर त्या बरोबर शब्दांनाच चूक ठरवलं असतं.

चौथा मुद्दा मालकीचा. लोकगीत म्हटलं की ते कुणाचंच नाही, असं धरून चालायची आपल्याला सवय आहे. संकलकाचं नाव मुखपृष्ठावर आणि गाणारी बाई ‘एक वृद्ध महिला’. त्या तरुणानं प्रत्येक गाण्याखाली ते म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि पाड्याचं नाव दिलं होतं. पुस्तकातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती होती आणि माझ्या परिचयात तिचा उल्लेखही नव्हता. चित्रांचंही तसंच. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. तरीही वारली आकृत्या मुखपृष्ठावर छापायच्या आणि चित्रकाराचं नाव द्यायचं नाही, हे चालूच आहे. चेन्नईच्या तारा बुक्स या छोट्या प्रकाशनानं ‘डू!’ नावाचं मुलांचं पुस्तक काढलं. त्यात रमेश हेंगडी, शांताराम धडपे या वारली चित्रकारांना नावानिशी श्रेय दिलं आहे. छोट्या प्रकाशनाला जे जमतं ते इतरांना का जमू नये? परीक्षण लिहिणाऱ्यानं निदान विचारावं, चित्रं कुणाची, गाणी कुणाची, त्यांना विचारलं होतं का?

मग ओळखीपाळखीचं काय करायचं? शहरातले लोक सांगतात, ओळखीच्या लेखकावर लिहू नये. आमच्याकडे हा नियम पाळला तर लिहायलाच कुणी उरणार नाही. डहाणूला जो लिहितो तो माझा विद्यार्थी असतो, सहकारी असतो, नाहीतर नातलगाचा शेजारी. यावर उपाय एकच, वाचकाला सांगून टाकायचं. ‘लेखक माझे विद्यार्थी आहेत’ हे एक वाक्य सुरुवातीला घातलं की वाचक पुढचं मत त्या हिशेबानं तोलून घेतो. पण ज्या पुस्तकाला मी प्रस्तावना लिहिली, ज्याच्या प्रकाशन समारंभात शाल-श्रीफळ घेतलं, त्याचं परीक्षण मी करायचं नाही. प्रस्तावना, मलपृष्ठ आणि परीक्षण ही तिन्ही कामं एकाच माणसानं केलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. त्याच माणसानं दोनदा मत देण्यासारखंच हे.

राहिली शिफारस. इथे पैशाचा संबंध येतो, म्हणून जास्त सांभाळायला हवं. ग्रंथालयं याद्या पाहून खरेदी करतात. यादीत नाव आलं तर छोट्या प्रकाशकाचं कर्ज फिटतं, नाही आलं तर गठ्ठे पलंगाखाली राहतात. हे ओळखून ‘एवढे पैसे द्या, परिचय छापून आणतो’ म्हणणारेही निघतात. पैसे घेऊन छापलं असेल तर ती जाहिरात आहे, वर ‘जाहिरात’ असं लिहावं. प्रकाशकानं पुस्तकांबद्दल मासिक काढण्यात गैर काही नाही. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी 1964 साली ‘ललित’ सुरू केलं, तेव्हा ते कुणाचं आहे हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक होतं. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे.

आणि छोट्या प्रकाशनाचं म्हणून पुस्तक छोटं समजू नये. अरुण कोलटकरांची मराठी कविता अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनानं काढली, आणि ते काही मोठ्या इमारतीतलं प्रकाशन नव्हे. 2003 साली तिथूनच आलेल्या ‘भिजकी वही’ला कोलटकरांच्या निधनानंतर 2005 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सुतळी सोडताना आपल्या हातात काय आहे, हे वाचल्याशिवाय कळत नाही, एवढाच याचा अर्थ.

त्या गीतांच्या पुस्तकाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. मी संपादकांना म्हटलं, मला दुरुस्ती छापायची आहे. ते म्हणाले, “बाई, बातमीची दुरुस्ती असते. पुस्तक-परिचयाची कुणी छापतं का?” मी आग्रह धरला. पुढच्या अंकात चार ओळी आल्या. पुस्तक पूर्ण न वाचता मी परिचय लिहिला होता, काही प्रतींत सोळा पानं नाहीत, ज्यांच्याकडे तशी प्रत असेल त्यांनी लेखकाला पुढील पत्त्यावर कळवावं. लेखकानं त्या सोळा पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या होत्या. ज्यांनी कळवलं, त्यांना त्यानं टपालानं पाठवल्या.

नंतर एका रविवारी मी तलासरीला त्याच्या घरी गेले. माझ्या प्रतीत त्यानं ती पानं माझ्यासमोर चिकटवून दिली. आजी ओसरीवर बसली होती. मी तिला म्हटलं, “आजी, तुमचं पुस्तक मी आता पुरतं वाचलं.” ती म्हणाली, “मग म्हणून दाखव.”

मला चाल येत नव्हती. मी 65 वं पान उघडलं आणि नुसतं वाचायला लागले. तीन ठिकाणी तिनं माझा उच्चार सुधारला.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)